पहिलं वर्ष माफ

बुधवार, १० जुलै २०२४

दुपारी घनसावंगीकडचे एक गृहस्थ आले होते. त्यांच्या मुलीनं आमच्या तंत्रनिकेतनातून सिव्हिलचा डिप्लोमा केला, शेवटच्या वर्षाला भरघोस गुण आहेत. गृहस्थांच्या मनातली खुटखुट वेगळीच. "सर, हिच्या बरोबरीची पोरगी अकरावी-बारावीला गेली. ती आता इंजिनिअरिंगचं एक वर्ष करून बसली. आमची मागं पडली का?"

हा प्रश्न दर जुलैत कुणीतरी विचारतंच. तोंडी उत्तर कुणाला पटत नाही, म्हणून मी कागद घेतो. दहावीनंतर बारावीची दोन आणि पदवीची चार, झाली सहा. दहावीनंतर डिप्लोमाची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला की पदवीची तीन, झाली तीही सहाच. दोघी एकाच उन्हाळ्यात इंजिनिअर होणार. फरक इतकाच, की तुमच्या मुलीनं आज थांबायचं ठरवलं तरी तिच्या हातात पदविका आहे, ती कनिष्ठ अभियंत्याच्या जागेला अर्ज करू शकते. तिची मैत्रीण आज थांबली तर हातात बारावीची गुणपत्रिका आणि पदवीचं एक सुटं वर्ष. त्या सुट्या वर्षावर कुणी नोकरी देत नाही.

कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. गावात दाखवायचा म्हणाले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

मग फीचा विषय निघाला. परवाच, ८ तारखेला, शासन निर्णय निघालाय. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी आता पूर्ण माफ. आजवर निम्मी माफ होती. अट एक, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् पुण्यात खोली?"

खोली माफ नाही. मेसही नाही. मुलगी बाजूला उभी होती, ती एवढा वेळ काही बोलली नव्हती. म्हणाली, "पप्पा, संभाजीनगरला अपडाऊन होतं की."

शुक्रवार, १२ जुलै

मी गणिताचा मास्तर, पण जुलै-ऑगस्टात माझं बरंचसं काम कागद बघण्याचं. दहावीची सनद, डिप्लोम्याच्या गुणपत्रिका, टीसी, डोमिसाइल, राष्ट्रीयत्व, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं. प्रत्येक पोराच्या हातात प्लॅस्टिकचं पारदर्शक फोल्डर, आणि प्रत्येकात नेमका एक कागद कमी. नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चलाच संपलेलं असतं. नावात 'राव' एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही.

अंबड तालुक्यातला एक बाप आज निजामकाळातल्या नोंदीची छायांकित प्रत घेऊन आला. मूळ मोडीत, शेजारी देवनागरीत उतरवून घेतलेलं. थोरल्या मुलानं २०२१ला डिप्लोमा संपवून पुढचा प्रवेश घेतला तो ईडब्ल्यूएसमधून. या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या कायद्यानंतर धाकटीचा अर्ज एसईबीसीत. आणि चुलत्याच्या मुलाची कुणबी नोंद सापडली, तो ओबीसीत. आडनाव एक, वाडा एक, रकाने तीन. अंतरवाली सराटी त्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या दिवसांत मांडवात कोण कोण होतं, हे ते पाच मिनिटं सांगत राहिले. मागे रांग खोळंबली होती, पण रांगेतलंही कुणी कुरकुरलं नाही. सगळे ऐकत होते.

बुधवार, १७ जुलै. आषाढी

सुट्टी. सकाळी मावसभावाचा कॅलिफोर्नियाहून फोन. तिकडं रात्र. त्याच्या मुलीची शाळा संपली, आता पुढं काय, असं मी विचारलं तर म्हणाला, "कम्युनिटी कॉलेजला चाललीय, दोन वर्षं. मग बघू." हे त्यानं ज्या पडक्या आवाजात सांगितलं तो आवाज माझ्या चांगला ओळखीचा आहे. आमच्याकडं पोराला डिप्लोमाला घातल्याचं बाप याच आवाजात सांगतात, नातेवाइकांत असतील तर आणखी हळू.

मी त्याला सोडलं नाही, अर्धा तास विचारत बसलो. घराजवळचं कॉलेज, फी विद्यापीठाच्या मानानं बरीच कमी, दोन वर्षं तिथं करायची आणि तिसऱ्या वर्षापासून विद्यापीठात. कुणी नोकरी करून संध्याकाळी शिकतं, कुणी चाळिशीत परत येतं. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली असं पहिलं कॉलेज निघालं, ते अजून चालू आहे. कॅलिफोर्नियानं १९६०मध्ये सगळ्या उच्च शिक्षणाचा एकच आराखडा केला. संशोधनाची विद्यापीठं वर, राज्य विद्यापीठं मध्ये, कम्युनिटी कॉलेजं सगळ्यांना खुली, आणि खालून वर जायला वाट ठेवलेली. आज त्या एका राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. वरच्या विद्यापीठांचं धोरणच असं, की शाळेतून थेट आलेल्या दोघांमागे एक विद्यार्थी या वाटेनं आलेला असावा.

आपल्या नियमात हे प्रमाण किती? मंजूर जागांच्या वर दहा टक्के, शिवाय पहिल्या वर्षाच्या ज्या रिकाम्या राहिल्या त्या. म्हणजे साठच्या वर्गात हक्काच्या सहा. मराठवाड्यातल्या खासगी कॉलेजांत रिकाम्या जागा पुष्कळ, तिथं डिप्लोमावाल्यांना कुणी अडवत नाही, उलट घरी फोन येतात. नावाजलेल्या सरकारी कॉलेजांत मात्र त्या सहांवरच झुंबड.

पण मला हेवा वाटला तो संख्येचा नाही. त्यांच्याकडं कुठल्या कॉलेजातला कुठला विषय कुठल्या विद्यापीठात कशाच्या जागी धरला जाईल, याची विषयवार यादी जाहीर असते. पुतणी पहिल्याच सेमिस्टरला ती उघडून बसलीय. कॅल्क्युलस इथं केलं तर तिथं चालेल, हे तिला दोन वर्षं आधी ठाऊक. एखादा विषय जुळत नसेल तर तो इथंच उरकायचा.

आपण असलं काही जुळवत बसत नाही. डिप्लोमा पास झालास ना? मग पहिलं वर्ष सरसकट माफ. लेथवर घाम गाळलेल्या पोराला पहिल्या वर्षाचं वर्कशॉप माफ केलं तर ते रास्तच आहे. ड्रॉइंगही माफ करा, त्याचं ड्रॉइंग बारावीवाल्यापेक्षा चांगलं असतं. पण त्याच फटक्यात गणिताचे एम-वन, एम-टूही माफ होतात. मॅट्रिक्स, पार्शल डेरिव्हेटिव्ह, डबल इंटिग्रेशन. आणि दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच सेमिस्टरला एम-थ्री समोर येतो तो हे सगळं येतं असं गृहीत धरून. शासन उदार आहे, पण लाप्लासला शासन निर्णय लागू नाही.

भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं आहे तुमचं, आमच्याकडं परत सगळं मोजतात." त्याला ते जाचक वाटतं. बायकोनं मागून साबुदाण्याची खिचडी निवल्याची आठवण केली, मग फोन ठेवला.

सोमवार, २२ जुलै

आजपासून संध्याकाळी साडेपाचला एम-थ्रीची शिकवणी. कागदोपत्री काही नाही. प्राचार्यांनी एक खोली उघडी ठेवायला परवानगी दिली, बस्स. दर वर्षी मी हे करतो. प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात तेवढ्या काळात पोरं गावात मोकळी असतात. त्यांना कुठलं कॉलेज मिळणार ते ठाऊक नसतं, पण एम-थ्री कुठंही गेलं तरी चुकत नाही.

आधी मी त्यांना शेवटचं गणित कधी केलं ते विचारतो. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या पोरांना पहिल्या दोन सेमिस्टरांत गणित असतं, तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत नसतं. म्हणजे दोन वर्षांची पडीक जमीन. हे अपेक्षितच असतं. आज मागच्या बाकावर परतूरचा एक जण होता. उंच, दाढी आलेली, बाकीच्यांपेक्षा थोराड. तो म्हणाला, "सर, दहावीला."

मला वाटलं गंमत करतोय. तशी नव्हती. दहावीनंतर त्यानं आयटीआय केलं, फिटर. आयटीआयवाल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात घेतात, तसा तो आला. म्हणजे डिप्लोमाचं पहिलं वर्ष माफ, आणि आमचं सगळं गणित त्या पहिल्या वर्षातच. आता पदवीचंही पहिलं वर्ष माफ होणार. दोन माफ्या एकावर एक. आयटीआयला 'वर्कशॉप कॅल्क्युलेशन' होतं तेवढंच; टेपर किती, फीड किती, त्यात तो वाघ आहे. दहावीनंतर sin आणि cos त्यानं जॉब सेट करताना वापरले, डेरिव्हेटिव्ह हा शब्द मात्र आज पहिल्यांदा फळ्यावर पाहिला. तरी डिप्लोमाला शेवटच्या वर्षी पंच्याऐंशीच्या वर टक्के.

मी ठरवलेला धडा बाजूला ठेवला. या पोरांनी सहा आठवड्यांचं प्रशिक्षण इथल्याच एमआयडीसीत केलंय, बहुतेकांनी रोलिंग मिलमध्ये. जालन्यात भंगार इंडक्शन भट्टीत वितळवून बिलेट ओततात, मग ते तापवून सळई काढतात. हे मला त्यांना सांगावं लागत नाही, तेच मला सांगतात. मी म्हटलं, भट्टीतून काढलेलं बिलेट आहे, सगळीकडं सारखं गरम असतं का? "नाही सर. टोकं आधी काळी पडतात." मग तापमान कशावर अवलंबून? एक, कुठं बघतोस त्यावर. दोन, कधी बघतोस त्यावर. आता एकाच जागी नजर ठेव आणि वेळ जाऊ दे. तापमान किती वेगानं उतरतंय? हा झाला वेळेच्या बाजूनं पार्शल डेरिव्हेटिव्ह. आता फोटो काढ, वेळ थांबली. फोटोत या टोकापासून त्या टोकाकडं जा. तापमान किती वेगानं बदलतंय? हा जागेच्या बाजूनं. दोन बदल, दोन डेरिव्हेटिव्ह, एका वेळी एकच गोष्ट हलवायची.

परतूरवाला पुढच्या बाकावर येऊन बसला. "अन् सर, मधला भाग गार व्हायला टोकांपेक्षा जास्त वेळ घेतो, त्याचं कुठं आलं यात?" त्याचंच समीकरण आहे म्हटलं, हीट इक्वेशन. आणि ते सोडवता सोडवताच फूरिएनं त्याची सिरीज काढली. त्याचं १८२२चं पुस्तक उष्णतेवरच आहे. तुमच्या सिलॅबसमध्ये फूरिए आणि हीट इक्वेशन दोन वेगळ्या युनिटांत टाकलेत, म्हणून ते अनोळखी वाटतात.

साडेसातला वॉचमन दोनदा डोकावून गेला.

शनिवार, २७ जुलै

वर्कशॉपचे निवृत्त अधीक्षक भेटायला आले. वय पंच्याहत्तरच्या पुढं, पण भाग पाहून मशीन ओळखतात. शिकवणीचं ऐकून हसले. त्यांच्या वेळी डिप्लोमावाल्याला पदवीची अशी सरळ वाट नव्हती, निदान त्यांना सापडली नाही. नोकरी करत, रात्री कंदिलाशी बसून ए.एम.आय.ई. करायचं. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, १९२० सालची संस्था. तिच्या परीक्षा पास झालं की पदवीच्या बरोबरीचं धरत. सेक्शन ए, सेक्शन बी. वर्ग नाही, शिक्षक नाही, पोस्टानं अर्ज आणि परीक्षेला दुसऱ्या शहरात. "ए सेक्शनचं गणित मला पाच बारीनं सुटलं," हे ते आजही अभिमानानं सांगतात. पाच वेळा बसलो म्हणजे पाच वेळा ठरवलं, असा त्यांचा हिशेब.

ती वाटही आता बंद झाली. ३१ मे २०१३पर्यंत ज्यांनी नावं नोंदवली त्यांच्यापुरतीच ती पदवीसमान. त्यांना ते ठाऊक होतं, तरी पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

जाताना त्यांनी परतूरवाल्याला बोलावून हात बघितले. तळव्यावरचे घट्टे पाहून म्हणाले, "हे जाऊ देऊ नको रे."

शनिवार, ३ ऑगस्ट

शिकवणीत लाप्लास सुरू करायचा होता, पण कुणाचं लक्ष नव्हतं. प्रत्येकाच्या मोबाईलवर मागच्या वर्षीचे कटऑफ. मग मीही खडू ठेवला.

ऑप्शन फॉर्म भरणं ही आमच्याकडची खरी प्रवेश परीक्षा. नियम पुन्हा पुन्हा सांगतो: पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते गोठलं, मग तक्रार चालत नाही, म्हणून जिथं जायचं नाही ते वर टाकू नका. तरी पोरं पहिल्या ओळीत पुण्याचं सीओईपी टाकतात. टाका, बिघडत नाही. १८५४पासूनची परंपरा, आता स्वतःच विद्यापीठ. नाव वर असलं की फॉर्म शोभून दिसतो. खरी निवड चौथ्या-पाचव्या ओळीपासून सुरू होते. तिथं घर बोलायला लागतं.

भोकरदनच्या एकाचा बाप म्हणतो पुणेच. का, तर पुण्यात कंपन्या. मंठ्याच्या एकीची आई म्हणते संभाजीनगरच्या पलीकडं नाही. जाफराबादचा एक जण स्वतःच म्हणतो नको पुणे, वडिलांना सोयाबीनला माणूस लागतो, शनिवारी-रविवारी घरी यायला जमलं पाहिजे. घनसावंगीच्या मुलीनं मात्र वही काढली. जालना ते संभाजीनगर साठ-बासष्ट किलोमीटर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पास काढला तर आणखी स्वस्त. पण तिचं गाव जालन्यापासूनही लांब, म्हणजे रोजचं गाव-जालना-संभाजीनगर अशक्य. जालन्यात मावशी आहे. मावशीकडं राहायचं, सकाळची गाडी, संध्याकाळी परत. महिन्याचा खर्च पुण्यातल्या नुसत्या मेसपेक्षा कमी. तिनं संभाजीनगरचं १९६०चं सरकारी कॉलेज वर घेतलं आणि त्याखाली अपडाऊनच्या पल्ल्यात येतील तेवढीच नावं. पुणं एकही नाही. गुण पुण्याजोगे असून.

मला ते पटलं नाही, असं इथं लिहून ठेवतो. तिला बोललो नाही. तिची वही माझ्या मतापेक्षा नीट मांडलेली होती.

परतूरवाल्याची यादी सगळ्यांत छोटी. वर नांदेडचं श्री गुरू गोविंदसिंगजी. "गाडी सरळ आहे सर, परतूर स्टेशनावरून बसलं की नांदेड." इतका साधा विचार कुणी केलेला पाहून बरं वाटलं.

शुक्रवार, ९ ऑगस्ट. नागपंचमी

मुली नाहीत. पाच पोरं, त्यातली दोन पतंगाच्या दोऱ्यानं कापलेली बोटं दाखवत बसली. पार्शल फ्रॅक्शन्स उरकले.

मंगळवार, २० ऑगस्ट

एका रोलिंग मिलच्या माणसाचा फोन. शिफ्टला डिप्लोमावाली पोरं हवीत, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल. गेल्या वर्षी घेतलेल्यांतले बहुतेक सहा महिन्यांत पदवीला पळाले म्हणून वैतागला होता. "तुम्ही लोक सगळ्यांना वरच पाठवता सर. मधे कुणी ठेवता का नाही?"

हे मला लागलं, कारण खोटं नाही. महिकोचं बियाणं आणि सळई या दोन गोष्टींवर उभ्या असलेल्या या गावात डिप्लोमावाला हा कारखान्याचा कणा असायचा. त्याला सुपरवायझर म्हणत आणि सळईच्या भट्टीवर त्याचा शब्द चाले. जिल्हा परिषदेत, पाटबंधाऱ्यात कनिष्ठ अभियंता म्हणजे डिप्लोमा. जालन्यात आणि अंबडला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत ती अशी माणसं घडवायला. आता बहुतेकांसाठी डिप्लोमा हे वरच्या मजल्यावर जाताना लागणारं वळण झालंय.

पण पोरांना दोष कसा देऊ? अप्रेंटिसचं किमान विद्यावेतन डिप्लोमावाल्याला महिना ८,०००, पदवीवाल्याला ९,०००. एक हजाराचा फरक, त्यासाठी कुणी तीन वर्षं घालवणार नाही. पुढचं कारण पोरांना दुसऱ्याच महिन्यात कळतं. सुपरवायझरच्या वरच्या खुर्चीत बी.ई. बसतो, आणि ती खुर्ची अनुभवानं मिळत नाही. मिलच्या माणसाला मी हेच म्हटलं. "तुमच्या मिलमध्ये डिप्लोमावाला कुठवर चढतो, ते सांगा. मग मी दोघं-तिघं थांबवून दाखवतो." तो म्हणाला, मालकांशी बोलतो.

संध्याकाळी शिकवणीत हा विषय काढला. भोकरदनचा म्हणाला, "सर, डिग्री झाल्यावर परत जालन्यातच घेतील का?" हसले सगळे. त्याला पुण्यातलं एक खासगी कॉलेज लागलंय, बाप खूश आहे.

घनसावंगीच्या मुलीला संभाजीनगर. परतूरवाल्याला नांदेड. मंठ्याच्या मुलीचं काहीच लागलं नाही पहिल्या फेरीत, ती आज आली नाही.

सोमवार, २ सप्टेंबर. पोळा

कालपासून पाऊस थांबत नाही. परभणी, हिंगोलीकडं हाहाकार, आमच्याकडंही मंठा-परतूर भागात शेतं पाण्याखाली. बैलांना धुवायला वेगळं पाणी लागलं नाही, असं शिपाई म्हणाला, पण हसला नाही. त्याची कपाशी पाण्यात आहे.

परतूरवाल्याला कॉलेजात हजर व्हायचं होतं. रेल्वेच्या गाड्या विस्कळीत, तो स्टेशनावर बसून होता. तिथून त्यानं फोन केला तो गाडीसाठी नाही. "सर, इन्व्हर्स लाप्लासमधे कॉन्व्होल्यूशन कधी लावायचं अन् पार्शल फ्रॅक्शन कधी?" फलाटावर पावसाचा आवाज इतका, की निम्मं मी ओरडून सांगितलं. दोन्ही लागतात तिथं ज्यात हात बसलाय ते लाव, म्हटलं. फिटरला हे लगेच कळतं.

मंठ्याच्या मुलीच्या घरी पाणी शिरलंय. तिच्या आईचा फोन आला, कागद सगळे वरच्या फळीवर होते म्हणून वाचले. पुढची फेरी आहे ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

बुधवार, १८ सप्टेंबर

काल मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी. सकाळी झेंडावंदन, रात्री मोती तलावाकडं गर्दी. आज घसा बसलाय, तरी दुपारपासून फोन चालू.

सगळ्यांचं म्हणणं एकच. वर्ग कधीच सुरू झालेत. ही पोरं फेऱ्या संपवून पोचली तेव्हा सेमिस्टर निम्म्यावर आलेलं, पहिली चाचणी झालेली किंवा आठवड्यावर. एम-थ्रीचा मास्तर तिसऱ्या युनिटात. घनसावंगीची मुलगी सकाळची गाडी पकडायला साडेपाचला उठते, येता-जाता गणितं सोडवते, म्हणाली गाडीत अक्षर खराब येतं पण डोकं चालतं. तिच्या वर्गात डिप्लोमावाल्यांचा वेगळा बाक झालाय, शेवटचा, कारण तेवढाच रिकामा होता. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला मात्र थिओडोलाइट तिच्याच हातात देतात. बाकीच्यांनी अजून तो पेटीतूनही काढलेला नाही.

मंठ्याच्या मुलीला शेवटच्या फेरीत संभाजीनगरचंच एक कॉलेज मिळालं. फी भरायची नाही, हे दारावरच्या कारकुनाला पटवून द्यायला शासन निर्णयाची प्रत सोबत न्यावी लागली. ती मी जुलैतच तिला छापून दिली होती.

भोकरदनच्याचा फोन नाही. त्याच्या बापाचा आला, पोरगा बरा आहे म्हणून.

परतूरवाल्यानं रात्री फळ्यासारखी भरलेली वहीची पानं पाठवली. गणित बरोबर, मांडणी अजून दहावीची, प्रत्येक ओळीला 'म्हणून' लिहितो. रविवारी दहाला मोबाईलवर सगळ्यांना एकत्र घ्यायचं ठरलंय, फूरिए सुरू करायचाय. त्यानं विचारलं, होस्टेलच्या खोलीतले दोघं बसले तर चालेल का? कोण? म्हणाला, "बारावीवाले आहेत सर. एम-वन, एम-टू पास झालेत, पण पार्शल काय असतं ते त्यांनाही माहीत नाही. मी त्यांना बिलेटचं सांगितलं." मोबदल्यात ते त्याला सी प्रोग्रामिंग शिकवणार आहेत, आणि तो त्यांची मशीन ड्रॉइंगची शीट तपासून देतो.

रविवारी हीट इक्वेशन आधी घेणार, फूरिए त्यातून काढणार. सिलॅबसचा क्रम उलटा करावा लागेल.